ताटात घाईचा पदार्थ एकच

संध्याकाळी साडेसहा वाजता ‘आज काय करायचं?’ असा प्रश्न घरात निघतो, तेव्हा त्याची निम्मी उत्तरं आधीच बाद झालेली असतात. छोले बाद, कारण सकाळी भिजत घातले नाहीत. मटकीची उसळ बाद, कारण तिची तयारी आदल्या दिवशीच सुरू व्हायला हवी होती. दही लावलेलं नाही, म्हणजे कढीही गेली. मेथीची जुडी फ्रिजमध्ये आहे, पण ती निवडायची कुणी आणि कधी? उरतात बटाटे, अंडी, बेसन आणि फोनवरून मागवायचं जेवण. या उरलेल्यांतून निवड करण्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात, मग घाईघाईने कुकर चढतो आणि साडेनवाला पानं घेतली जातात, तेव्हा घरातलं लहान मूल पेंगुळलेलं असतं आणि ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाची भूक मेलेली असते. खापर मात्र फुटतं ते आपल्या जेवणपद्धतीवर. पोळी, भाजी, वरण, भात असे चार-चार पदार्थ रोज करायचे म्हटल्यावर वेळ लागणारच, असं आपण धरून चालतो. मला हे निदान पटत नाही. चौघांच्या साध्या जेवणाला हाताचं काम तासाभराचंच असतं. बाकीचा वेळ खातं ते वाट पाहणं; आणि कशाची वाट आधी पाहून ठेवता येते, कशाची नाही, हे न बघता आपण बेत ठरवतो, तिथे सगळा घोळ आहे.

स्वयंपाकाच्या पुस्तकांनी या बाबतीत आपल्याला फारशी मदत केलेली नाही. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि वाटी-चमच्याच्या मापांमुळे घरोघरी पोचली. ‘अंदाजाने मीठ’ या उत्तराने हैराण झालेल्या नवशिक्यांसाठी तो मोठाच दिलासा होता. पण कुठलंही पाकपुस्तक पदार्थांप्रमाणे मांडलेलं असतं. उसळींचं प्रकरण वेगळं, भाताचं वेगळं, चटण्या-कोशिंबिरींचं वेगळं. रात्रीचं जेवण तसं मांडलेलं नसतं. तिथे चार प्रकरणांतले चार पदार्थ एकाच वेळी, एकाच ओट्यावर, दोन बर्नरवर उभे असतात. त्यांचा क्रम कसा लावायचा, हे ज्ञान पूर्वी सासूच्या किंवा आईच्या शेजारी उभं राहून मिळायचं, त्यामुळे ते लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. आता शिकणारा माणूस व्हिडिओ बघतो. त्यात पदार्थ पाच मिनिटांत तयार होतो, कारण भिजणं, निवडणं, कुकर निवणं हे सगळं कापून टाकलेलं असतं. जे कापलं, नेमकं तेच शिकण्यासारखं होतं.

कुकरपासूनच सुरुवात करू, कारण बहुतेक मराठी घरांत संध्याकाळचं वेळापत्रक तोच ठरवतो, आणि त्याच्याविषयीच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. उघड्या पातेल्यात पाणी कितीही उकळलं तरी शंभर अंशांच्या पुढे जात नाही. कुकरमध्ये दाब वाढतो आणि तेच पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं. १९५९ साली भारतात हॉकिन्स आणि प्रेस्टीज या दोन्ही नावांचे कुकर आले, आणि पातेल्यात तासभर रटरटणारी तूरडाळ दहा मिनिटांवर आली. मात्र ही दहा मिनिटं पूर्ण दाब आल्यानंतरची असतात. त्याआधी दाब चढायला आठ-दहा मिनिटं आणि नंतर झाकण निघण्याइतका तो उतरायला दहा-बारा मिनिटं लागतात. म्हणजे कुकर शेगडीवर आणि ओट्यावर मिळून अर्धा तास अडकून पडतो. शिट्ट्या मोजण्याची आपल्याला हौस आहे, पण शिट्टी वेळ दाखवत नाही, जास्तीची वाफ सुटली एवढंच सांगते. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या चार मिनिटांत होतात आणि डाळ कच्ची राहते. दाब आल्यावर आच मंद केली तर एकही शिट्टी न होता ती मऊ शिजते, वर गॅसही वाचतो. डाळ शिजताना आणखी दोन गोष्टी आड येतात. चिंच, आमसूल, टोमॅटो यांच्या आंबटपणात डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही, म्हणून आमटीचं आंबट डाळ शिजल्यानंतरच घालायचं. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमचाही परिणाम तसाच होतो. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही गावोगावची तक्रार अगदी खरी आहे. अशा पाण्याच्या घरात डाळीपुरतं साठवलेलं पावसाचं पाणी वापरलं, तर रोजची काही मिनिटं वाचतात.

आता सव्वाआठला पानं घ्यायची असं ठरवून घड्याळ उलटं फिरवून बघू. दोन बर्नर म्हणजे दोनच फलाट. कुठली गाडी आधी सोडायची यावर सगळं अवलंबून. सव्वासातला डाळ-तांदूळ धुऊन कुकरच्या डब्यांत गेले, की पुढची पाऊणेक तासाची त्यांची काळजी मिटते, कारण कुकर एकटा काम करतो. त्या अवधीत कणीक भिजवायची. ती आधी भिजवण्यामागे नुसती सोय नाही, कारणही आहे: गव्हातली प्रथिनं पाणी पिऊन ग्लूटेनचं जाळं बांधतात, आणि वीस-पंचवीस मिनिटं मुरल्यावर ते ताणलेलं जाळं सैल होतं. मुरलेली कणीक लाटताना मागे खेचत नाही. कणीक मुरते आहे तोवर भाजी चिरून होते. आठला वीस कमी असताना कुकरखालचा गॅस बंद होतो आणि मोकळ्या झालेल्या बर्नरवर भाजीची फोडणी पडते. पावणेआठच्या सुमारास दुसऱ्या बर्नरवर तवा. डझनभर पोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात भाजी वाफेवर शिजते, कुकर निवतो, भाजीच्या जागी वरणाची फोडणी बसते. हेच सगळं काम, तेवढंच, उलट्या क्रमाने केलं, म्हणजे आधी भाजी चिरत बसलं, मग कणीक, आणि कुकर आठवला सर्वांत शेवटी, तर अर्धा तास सहज वाढतो. त्या अर्ध्या तासात करणाऱ्याला खरं काहीच काम नसतं, फक्त कुकरकडे बघत उभं राहायचं असतं.

पण क्रम हा दुय्यम भाग झाला. पहिला भाग बेताचा आहे, आणि तिथे मी एकच कसोटी सुचवीन: एका रात्रीच्या ताटात घाईचा पदार्थ एकच असावा. घाईचा म्हणजे जो शेवटच्या वीस मिनिटांतच करावा लागतो आणि केल्यावर थांबत नाही. पोळी तशी आहे, पण निदान तिची कणीक थांबते. भाकरीचं पीठ तेवढंही थांबत नाही. ज्वारीत ग्लूटेन नसतं. गरम पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो आणि त्या चिकटपणावरच भाकरी थापली जाते. भिजवून ठेवलेला गोळा चिरतो, म्हणून एकेका भाकरीपुरतं पीठ मळून लगेच थापायचं, आणि पिठाची विरी गेली असेल तर तेही जमत नाही. थालीपीठ, घावन, डोसा हे सगळे तव्याशी उभं राहायला लावणारे. मूगडाळीची खिचडी दहा मिनिटांत आळते. तळलेल्या मासळीचा कुरकुरीतपणा वाढेवाढेपर्यंत गेलेला असतो. याउलट उसळ, आमटी, भरली वांगी, रस्सा, वरण हे पदार्थ तासभर झाकून ठेवले तर बिघडत नाहीत, काही तर सुधारतात. गोव्यात आणि तळकोकणात माशांची कालची कडी मुद्दाम राखून ठेवली जाते ती काटकसरीपोटी नव्हे. रात्रभरात मसाला आणि आंबट मुरलेलं असतं. कोशिंबीर या दोहोंच्या मध्ये बसते. काकडी चोचवून आधी ठेवता येते, पण मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, म्हणून मीठ, दही आणि कूट पानं घेताना.

या कसोटीवर नेहमीचे बेत तपासले, तर उशिराचं मूळ चटकन दिसतं. भाकरी, वर वांग्याचे काप, वर गरम गरम कढी, वर ताजा भात, असा बेत चवीला उत्तम. पण त्यात तीन पदार्थ एकाच वेळी करणाऱ्याला हाक मारतात. कढी मंद आचेवर ढवळत राहावी लागते, दुर्लक्ष झालं तर फुटते. काप तव्यावर उलटावे लागतात. भाकरीला दोन्ही हात लागतात. त्याऐवजी भाकरीच्या रात्री दुपारीच शिजवलेली मटकीची उसळ, ठेचा आणि ताक ठेवलं, तर ओट्याशी उभं राहायचं ते भाकरीपुरतं. खिचडी करायची तर खिचडीच. पापड भाजायला दोन मिनिटं लागतात, बाकी लोणचं आणि तूप बरणीत तयारच आहेत. थालीपीठाच्या रात्री दही किंवा लोणी पुरे. जुन्या मराठी बेतांत या जोड्या आपोआप सापडतात, याचं मला आश्चर्य वाटत नाही. एका चुलीवर रांधणाऱ्या बाईला दोन घाईचे पदार्थ परवडतच नव्हते. गॅसच्या चार बर्नरच्या शेगडीने हे बंधन काढून टाकलं असं आपल्याला वाटलं, पण हात दोनच राहिले.

यावर पहिला आक्षेप ताजेपणाचा येतो. दुपारी शिजवलेलं रात्री, रविवारी वाटलेलं बुधवारी, म्हणजे शिळंच की. या आक्षेपामागची भावना जुनी आहे आणि फ्रिज नसलेल्या, उकाड्याच्या मुलखात ती शहाणपणाचीही होती. पण त्याच मुलखाने वर्षभराचा गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला एप्रिल-मे महिन्यांत करून ठेवला. भाजणी, मेतकूट, सांडगे, कुरडया, पापड उन्हाळ्यातच उरकले. दाण्याचं कूट आणि लसणीची चटणी कधी संपू दिली नाही. ज्या कामाला वेळ लागतो ते जेवणाच्या घाईपासून दूर नेऊन ठेवायचं, हीच त्या सगळ्या उठाठेवीमागची दृष्टी होती. तयारी आणि शिळं अन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी न घालता वाटलेलं कांदा-सुक्या खोबऱ्याचं भाजकं वाटण फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चांगलं राहतं. ओल्या नारळाचं वाटण मात्र तितकं टिकत नाही, त्याची जागा बर्फाच्या कप्प्यात. मेथी निवडून, न धुता, कापडात गुंडाळून ठेवली तर दोन दिवस हिरवी राहते. भेंडी धुऊन पूर्ण कोरडी झाल्यावर चिरली तर सकाळची संध्याकाळी चालते, ओली चिरली तर लगेच चिकट होते. वांगं मात्र आयत्या वेळी, नाहीतर पाण्यात टाकलेलं. आक्षेप खरोखर लागू पडतो तो भाताला. तांदळातले बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत. भात बाहेर तसाच राहिला तर ते वाढतात आणि त्यांचं एक विष असं, की पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. सकाळच्या फोडणीच्या भातासाठी रात्रीचा भात ठेवायचा, तर तो ओट्यावर झाकून झोपायला जाऊ नये. दोन तासांच्या आत पसरट भांड्यात फ्रिजमध्ये जावा. भाताच्या बाबतीत ताज्याचा आग्रह धरणारी आजी बरोबर आहे, मसाल्याच्या बाबतीत ती स्वतःच वर्षभराचं करून ठेवत आली आहे.

दुसरा आक्षेप कंटाळ्याचा. भिंतीवर आठवड्याचा बेत लावला म्हणजे घराची खानावळ झाली, असं म्हटलं जातं. खानावळ हा शब्द इथे निंदेसारखा वापरतात. खरं तर वेळेवर जेवू घालण्याचा मुंबईतला सर्वांत कठीण प्रयोग खानावळींनीच केला. गिरणगावात गावाकडून एकटे आलेले कामगार महिन्याच्या बोलीवर जेवायचे, गिरण्या पाळ्यांत चालायच्या, आणि भोंगा कुणासाठी थांबायचा नाही. एका खोलीत, मोजक्या भांड्यांत रांधून या खानावळी चालवणाऱ्या बायकांना दर वेळी नव्याने बेत सुचवत बसणं शक्य नव्हतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांचं कौशल्य हातांच्या चवीइतकंच वेळेच्या हिशेबात होतं. आणि घरांबद्दल म्हणायचं तर ठरलेला आठवडा आपल्याला परका कुठे आहे? सोमवारचा किंवा गुरुवारचा उपास, चतुर्थीचा चंद्रोदय, श्रावणातला कांदा-लसणाचा विश्राम, बुधवार-रविवारची मासळी किंवा मटण, हे सगळं वेळापत्रकच आहे, फक्त ते देवाच्या नावावर असल्यामुळे खुपत नाही. शिवाय सात दिवसांचा बेत म्हणजे सात पदार्थ ठरवणं नव्हे. सोमवारी कडधान्य, मंगळवारी पालेभाजी, बुधवारी अंडी किंवा मासे, गुरुवारी एका भांड्यातलं काहीतरी, एवढा साचा पुरतो. कडधान्य म्हणजे मटकी की वाल की चवळी, हे बाजारात काय मिळालं त्यावर सोडता येतं. फक्त वाल असतील तर भिजवणं, मोड आणणं आणि सोलणं धरून दोन दिवस आधी आठवण हवी, आणि चवळी काही तासांतही भागते. एवढा फरक बेत ठरवणाऱ्याला माहीत असला म्हणजे झालं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तो असा, की हे नियोजन वगैरे शेवटी बाईच्याच डोक्यावर येणार. आजवर ती रांधत होती, आता रांधून वर आराखडेही करील. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात बिनपगारी घरकाम केलेल्या स्त्रियांचा त्यावरचा सरासरी वेळ २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. त्यातही असं घरकाम करणारे पुरुष शंभरातले जेमतेम सव्वीस होते, स्त्रिया एक्याऐंशी. हे आकडे समोर ठेवून बाईला आणखी एक काम सांगणं उद्धटपणाचं होईल. पण नियोजनाचं काम आजही होतंच आहे, फक्त ते कुठे दिसत नाही. डाळ संपत आली, धाकट्याला पोटात बरं नाही, उद्या पाहुणे, नारळ एकच उरला, हा हिशेब एकाच डोक्यात दिवसभर चालू असतो, आणि तो डोक्यात आहे तोवर दुसरं कुणी मदत करायला आलं तरी ‘काय करू?’ असं विचारण्यापलीकडे त्याला वाव नसतो. विचारणाऱ्याला सूचना देणं हे पुन्हा तिचंच काम. बेत कागदावर उतरला, की ही अडचण बरीचशी मिटते. ‘सोमवार: चवळी, सकाळी भिजवणे, सव्वासातला कुकर’ एवढी ओळ वाचून साडेसहाला घरी पोचलेला नवरा किंवा कॉलेजातून आलेली मुलगी कुणालाही न विचारता कुकर चढवू शकते. थांबणारी कामं अशी वाटून देता येतात: निवडणं, भिजवणं, सोलणं, कूट करणं यांना ना विशेष कसब लागतं ना ओटा. पोळ्या लाटायला सराव लागतो, हे खरं. तो सराव मुलग्यांना कुणी बंद केलेला नाही. अर्थात नुसता कागद लावल्याने कुणी उठून कुकर चढवत नाही. ‘मला माहीतच नव्हतं’ ही सबब मात्र त्यानंतर चालत नाही.

शेवटी उरते ती वेळेचीच अडचण. एक जण साडेसातला येतो, दुसरी कल्याणची लोकल पकडून नवाला, आणि क्लासवरून येणारं मूल कधीही. अशा घरात सगळ्यांनी सव्वाआठला एकत्र बसावं असा आग्रह धरण्यात अर्थ नाही, पण तिथेच ही कसोटी सर्वांत जास्त कामी येते. माणसं ज्या रात्री वेगवेगळ्या वेळी येणार, त्या रात्री ताट थांबणाऱ्या पदार्थांचंच असावं. आमटी-भात, उसळ, रस्सा. सगळे घरी असतील त्या रात्री थालीपीठ किंवा भाकरी. दक्षिण महाराष्ट्रातल्या अनेक जैन कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम आहे, आणि ज्यांना संध्याकाळी लवकर पोचता येत नाही ते डबा सोबत ठेवून कामाच्या जागीच जेवून घेतात. वेळ पक्की धरली की पदार्थ तिच्याशी जुळवून घेतो. इतरांनी इतकं कडक होण्याची गरज नाही. उशिरा येणाऱ्यासाठी दोन पोळ्यांपुरती कणीक तेलाचा हात लावून झाकणाच्या डब्यात ठेवावी. फ्रिजमध्ये ती दुसऱ्या दिवसापर्यंत राहते, फार तर थोडी काळसर पडते. तव्यावर दोन पोळ्यांना पाच मिनिटं. आणि त्या पोळ्या येणाऱ्याने स्वतः लाटायला हरकत नाही. तेवढ्या वेळात आमटी गरम होते.